आले नागपुराहुनी सहज का!

बाग सेवनिया हे नाव शार्दूलविक्रीडितात बसत नाही. मी बसवून पाहिलं आहे. बा गुरू, ग लघू, से गुरू, व आणि नि लघू, या गुरू. शार्दूलविक्रीडिताच्या 19 अक्षरांत हा क्रम कुठेच लागत नाही. सहाव्या अक्षरापासून सुरुवात केली तर जरा आशा वाटते. पाच अक्षरं अगदी चपखल जातात आणि मग वृत्त आणखी एक लघू मागतं, तर तिथे ‘या’ दोन मात्रांचं पोट घेऊन दारात उभा. मंदाक्रांतेत नाही, शिखरिणीत नाही, भुजंगप्रयातात तर विचारूच नका. याउलट भोपाळ पाहा: गुरू, गुरू, लघू. सरळ सरळ तगण. शार्दूलविक्रीडिताच्या उत्तरार्धात दोन तगण लागोपाठ येतात, म्हणजे तिथे ‘भोपाळ भोपाळ’ असं दोनदा म्हणता येतं आणि वर एक गुरू उरतो. शहर वृत्तात बसतं, आमची वस्ती बसत नाही. महानगरपालिकेच्या पाण्याच्या वेळापत्रकाबद्दलही आमची तक्रार साधारण अशीच आहे, पण तो विषय वेगळा.

बाग सेवनिया म्हणजे होशंगाबाद रोडजवळची, बरकतउल्ला विद्यापीठ आणि एम्स यांच्या शेजारची वस्ती. इथे मराठी घरं विखुरलेली. कुणी भेलच्या नोकरीनं आलं, कुणी रेल्वेच्या, कुणी बदलीवर आलं आणि बदली रद्द करून घ्यायची विसरलं. आमचं मराठी घरातल्या घरात बोलून टिकलेलं, त्यामुळे भाजी आणायला निघताना ‘झोला कुठे आहे’ असं आम्ही विचारतो आणि कुणाला काही खटकत नाही. मात्र घरात लग्न निघालं की आमचं मराठीपण एकदम एकोणीस अक्षरी होतं.

धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि आत्यानं जाहीर केलं की मंगलाष्टकं ती स्वतः रचणार, अर्थात शार्दूलविक्रीडितात. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. घरातल्या प्रत्येक बारशाला पाळणा, प्रत्येक साठीला आर्या आणि सोसायटीच्या गच्चीवर पाणी गळलं तेव्हा अध्यक्षांना एक पत्र, तेही कामदा वृत्तात, अशी तिची ग्रंथसंपदा. पहिलीच अडचण वर सांगितली ती. गावाचं नाव आलंच पाहिजे आणि गाव तर बसत नाही. आत्यानं दोन दिवस विचार केला आणि ओळ आणली:

झाली मंगल बागसेवनगरी, आनंद झाला घरी

‘सेवनिया’चं ‘सेवनगरी’ होताच हवा तो जादा लघू मिळाला आणि नाव बरोबर बाराव्या अक्षरावर येऊन संपलं. वडील म्हणाले, “अगं, पण असं नाव नाहीये.” आत्या म्हणाली, “होशंगाबादचं नर्मदापुरम झालं तेव्हा तुला चाललं. हबीबगंज 2021 साली राणी कमलापती झालं तेव्हा तू पेढे आणलेस. मी तर फक्त एक लघू मागतेय.” यावर वडिलांकडे उत्तर नव्हतं. शिवाय पेढ्यांची गोष्ट खरी होती.

आता हे बारावं अक्षर काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच झालं.

माणूस बोलताना थांबतो. श्वास संपला म्हणून थांबतो, मुद्दा ठसावा म्हणून थांबतो, पुढचा शब्द आठवत नाही म्हणून थांबतो आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून चष्मा पुसतो. हे थांबणं बोलणाऱ्याच्या मालकीचं. मध्य प्रदेशात राहून या विषयावर लिहायचं तर ग्वाल्हेरच्या अटलबिहारी वाजपेयींना नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते भाषणात थांबले की मैदान थांबायचं. पुढचा शब्द कधी येईल, कुठला येईल, काही सांगता यायचं नाही, आणि तो आला की वाटायचं, याच्यासाठी आणखी थोडं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तेच वाक्य ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात बोलले तर थांबा दुसरीकडे येऊ शकत होता. छापील स्वल्पविराम हा या थांबण्याचाच पगारी नोकर, आणि तोही आपल्याकडे कालचा. मराठीत विरामचिन्हं रुजवली एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी. त्याआधी आपण दंड मारायचो, एक किंवा दोन, आणि बाकीचं वाचणाऱ्याच्या अकलेवर सोडायचो.

यतीचं, म्हणजे वृत्तातल्या ठरलेल्या थांब्याच्या जागेचं, तसं नाही. यती बोलणाऱ्याची नाही, वृत्ताची. शार्दूलविक्रीडितात ती बाराव्या अक्षरानंतर, मग 7 अक्षरं. जुने छंदशास्त्रज्ञ आकडे सरळ सांगत नसत. ते म्हणणार, सूर्य आणि अश्व. आदित्य बारा, सूर्याच्या रथाचे घोडे सात. शिखरिणी म्हणजे रस आणि रुद्र, सहा आणि अकरा. मंदाक्रांतेत चार, सहा, सात असे तीन तुकडे, म्हणून मेघदूत वाचताना ढग दर चार पावलांवर कुणाची तरी वाट पाहत थांबल्यासारखा वाटतो. लग्नात प्रत्येक अष्टकाच्या शेवटी येणारं ते मंगल चिंतणारं पालुपद मोजून पाहा. बरोबर सात अक्षरं आहेत, म्हणजे यतीनंतरचा अख्खा तुकडा. इतकी वर्षं आपण तो डोक्यावर अक्षता झेलत ऐकला, पण मोजला कुणी?

फरक असा की साधा विराम म्हणजे आमच्या भोपाळची मिनीबस. हात दाखवाल तिथे थांबते, हात न दाखवताही थांबते, कंडक्टरला ओळखीचं कुणी दिसलं तरी थांबते. यती म्हणजे रेल्वेचं स्टेशन. ते आपल्या जागी असतं. गाडी तिथे थांबलीच पाहिजे असंही नाही, राजधानी धडधडत निघून जाते, पण फलाट तिथे असतो. चांगला गाणारा यतीवर श्वास घेईल किंवा नुसता किंचित रेलून पुढे जाईल. वृत्ताची मागणी एवढीच की त्या जागी शब्द संपलेला असावा. शब्दाच्या पोटातून यती गेली की तो यतिभंग. म्हणजे बुधनी आणि नर्मदापुरम ही दोन्ही स्टेशनं सोडून गाडी नर्मदेच्या पुलावर मधोमध उभी करायची आणि प्रवाशांना म्हणायचं, उतरा.

आमच्याकडे तसे दोन प्रवासी उतरले. नागपूरचे काका आणि काकू.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीत तालीम होती. आत्या पुढ्यात वही घेऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. काका-काकू दुपारीच पोचले होते. रिझर्वेशन मिळालं नव्हतं, त्यामुळे नागपूरहून जवळजवळ सगळा रस्ता उभ्यानं, काकूंच्या हातात करंज्यांचा डबा आणि काकांच्या पायाशी कुणाचं तरी झोपलेलं मूल. आत्यानं मोठ्या प्रेमानं त्यांच्यासाठी एक खास ओळ घातली होती. तिनं डोळे मिटले, भीमपलासाच्या आसपासची ती सनातन चाल लावली आणि म्हटलं:

आले नागपुराहुनी सहज का…

आणि थांबली. बाराव्या अक्षरावर चाल थांबते, म्हणून आत्या थांबली. सूर लांबवला, हलकीशी मान डोलावली, श्वास घेतला. खोलीतल्या सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

…का आणि काकू घरी

पण तोपर्यंत उशीर झाला होता. काका म्हणाले, “सहज? ताई, मी सहा तास एका पायावर आलोय.”

“अरे, ‘सहज का’ नाही. सहज, काका. का-का. पुढे जोडून आहे.”

“मग जोडून म्हण की.”

“तिथे चाल थांबते.”

“मग तू नको थांबूस.”

“मी थांबत नाही रे, वृत्त थांबतं!”

मला वाटतं, या विषयावर आजवर जे काही लिहिलं गेलं आहे त्याचं सार या पाच वाक्यांत आलं. अर्थ म्हणत होता जोडा, वृत्त म्हणत होतं तोडा, आणि मध्ये काका तुटले होते. तेही बरोबर मधोमध.

आमच्या शेजारी एक खांसाहेब राहतात. जुन्या भोपाळातून इकडे आले, पण कान तिकडेच ठेवून आले. तालमीचा आवाज ऐकून ते चहाला आलेले. मराठी त्यांना अर्धंमुर्धं कळतं, पण शब्द कुठे मोडला ते पूर्ण कळतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि अत्यंत दुःखानं म्हणाले, “मियां, ये तो शिकस्त-ए-नारवा हो गया.” उर्दूतही म्हणे काही बहरा अशा असतात की मिसरा मधोमध दोन सारख्या तुकड्यांत वाटला जातो, आणि त्या सांध्यावर शब्द चिरला गेला तर तो दोष. त्याला हे नाव. इतक्या सुंदर नावाचा दोष आपल्या हातून घडला हे ऐकून आत्याला किंचित बरं वाटलेलं मी पाहिलं. आपल्याकडे दंडीनं यालाच ‘यतिभ्रष्ट’ म्हटलं आहे आणि काव्याच्या दहा दोषांत बसवलं आहे. ते ऐकायला फारच पोलीस ठाण्यातल्यासारखं वाटतं.

काका आता पेटले होते. वडिलांच्या कपाटातून त्यांनी माधवराव पटवर्धनांची ‘छंदोरचना’ काढली. हेच ते कवी माधव जूलियन, ज्यांना या ग्रंथावर मुंबई विद्यापीठानं 1938 साली डी.लिट. दिली. मराठी साहित्यातली ती पहिली डी.लिट. म्हणजे वृत्तं ही काही आदल्या रात्री करंज्या खात मोडायची वस्तू नव्हे, असा काकांचा एकंदर सूर होता. ग्रंथ त्यांनी उघडला नाही. नुसता धरून उभे राहिले. तसाही तो पुरेसा जड आहे.

आत्याच्या बाजूनं बोलायचं तर यतीबद्दल खुद्द ऋषींचं एकमत नव्हतं. जयकीर्ती नावाच्या कानडी मुलखातल्या छंदशास्त्रकारानं सुमारे हजार वर्षांपूर्वी याद्याच देऊन ठेवल्या आहेत. पिंगल, वसिष्ठ, कौंडिण्य ही मंडळी यती मानतात. भरत, कोहल, मांडव्य, सैतव मानत नाहीत. मी हे सांगितल्यावर आत्यानं लगेच भरताचा पक्ष घेतला. काका पिंगलाकडे गेले. काकूंनी करंज्यांचा डबा फिरवला आणि दोन्ही पक्षांनी हात घातला.

आणि ही चर्चा भोपाळात व्हावी हे काही वावगं नाही. पिंगलाच्या छंदःसूत्रावर ‘मृतसंजीवनी’ नावाची टीका लिहिणारा हलायुध हा दहाव्या शतकात माळव्याच्या परमार राजा मुंजाच्या आश्रयाला होता. (मुंज हे राजाचं नाव, समारंभाचं नव्हे. आत्यानं विचारलं म्हणून सांगितलं.) यती कुठे चालते, समासाच्या पोटात गेली तर कितपत खपवून घ्यावी, याचा खल त्या टीकेत आहे. या मुंजाचा पुतण्या म्हणजे राजा भोज, ज्याच्या नावानं आमचा मोठा तलाव आता भोजताल झाला. भोज कवींना म्हणे अक्षराला लाख देत असे. भोजप्रबंधातल्या कथा आहेत, त्यामुळे पावती मागू नये. पण हिशेब लक्षात घ्या. शार्दूलविक्रीडिताच्या एका ओळीचे एकोणीस लाख, आणि बाराव्या अक्षरानंतर जी एवढी कसरत करून जागा मोकळी ठेवली तिचे शून्य. कवी यतिभंग का करतात याचं कारण मला यात सापडतं.

याच भोजाचं भोजपूरचं शिवमंदिर आमच्या घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. लग्नाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही ते दाखवतोच. प्रचंड पिंड, प्रचंड खांब, आणि मंदिर अर्धवट. आजूबाजूच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले नकाशे अजून दिसतात. काम का थांबलं याची प्रत्येक रिक्षावाल्याकडे निराळी कथा आहे. ज्याला कसलाच नियम नाही असा साधा विराम पाहायचा असेल तर तो तिथे पाहावा. राजानं वाक्य अर्ध्यात सोडलं आणि हजार वर्षं झाली, कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापदाचा पत्ता नाही.

तर तालीम. रात्री दहापर्यंत आत्यानं ओळ दुरुस्त केली. आता शब्द बरोबर बारावर संपत होता:

काका नागपुराहुनी उतरले, आल्याच काकू सवे

काकांनी बोटांवर मोजलं आणि मान्य केलं. यती निर्दोष. खांसाहेबांनीही हात कपाळाला लावला. तेवढ्यात आतून काकू बाहेर आल्या. “वन्सं, ‘आल्याच’ म्हणजे?”

“अगं, ‘च’ म्हणजे काही नाही. एक लघू हवा होता तिथे.”

“म्हणजे नको होते, तरी आलेच, असं?”

पादपूरक नावाची ही जात आहे. संस्कृत कवी च, वै, तु, हि अशी पाच-दहा पोरं कायम खिशात घेऊन फिरत. जागा रिकामी दिसली की एकाला बसवायचं. संस्कृतात ती गप्प बसतात. मराठीतला ‘च’ गप्प बसत नाही. तो माणसं तोडतो. अकरा वाजता ‘काकू सुखाने सवे’ असा तह झाला. सुखाने या शब्दावर काकूंनी एकदा काकांकडे पाहिलं, पण वृत्तासाठी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात निम्मे पाहुणे वस्तीतले, म्हणजे हिंदी. त्यांना आम्ही आधी समजावलं होतं की गाणं थांबलं की अक्षता टाकायच्या. चूक आमच्या समजावण्यात होती की त्यांच्या भाबडेपणात, कुणास ठाऊक. आत्यानं ‘झाली मंगल बागसेवनगरी’ म्हणून श्वास घेतला आणि एकदम चहूकडून तांदूळ आले. गुरुजी ओरडले, “अभी नहीं, अभी नहीं!” मागच्या रांगेतल्या एका काकींनी निरागसपणे सांगितलं, “हमने सोचा हो गया.” त्यांच्या बाजूनं पाहिलं तर दोह्यात तेरा मात्रांवर थांबायची सवय इथल्या शाळेतल्या प्रत्येकाला असते, आणि छापलेल्या दोह्यात तिथे स्वल्पविरामही असतो. त्यामुळे यती आणि विराम ही इकडे एकाच घरातली माणसं. आमच्याकडे त्यांची वाटणी झालेली आहे हे आम्ही सांगायला विसरलो. पहिल्याच अष्टकात अनेकांच्या चिमटीतल्या अक्षता संपल्या आणि एक कार्टं खालून वेचून पुन्हा वाटू लागलं. मग वडिलांनी बँडवाल्याला आणि पाहुण्यांना नवा नियम दिला. ‘सावधान’ ऐकल्याशिवाय हात हलवायचा नाही. आणि बँडवाल्याला वेगळं: “आखरी वाले में, जब चावल गिरें, तब बजाना.”

दोन-तीन अष्टकांत सगळं सुरळीत झालं. अंतरपाट धरणारे दोघे मामा स्थिरावले. भाऊ माळ घेऊन घामाघूम. शेवटचं अष्टक काकांनी म्हणायचं ठरलं होतं. त्यातली शेवटची ओळ त्यांनी रात्री जागून स्वतः रचली होती आणि कुणाला दाखवली नव्हती. काका उभे राहिले, आत्याकडे पाहून गोड हसले, आणि खड्या आवाजात:

आत्याला जमते न काव्य कधिही…

बारा अक्षरं, गण शुद्ध, यती बिनचूक. कुठलाही शब्द चिरलेला नाही. पिंगलानं पाठ थोपटली असती. इथे किंचित रेलून पुढे जायचं आणि ‘ऐसे कुणी ना म्हणे’ म्हणून ओळ बंद करायची, सगळे हसणार, आत्याही हसणार, असा बेत. पण काकांना यती पुरेना. त्यांना तिथे वाजपेयी व्हायचं होतं. ते थांबले. सभोवार पाहिलं. शेजारचा पेला उचलला आणि पाण्याचा एक घोट घेतला.

मुलीकडचे मराठी पाहुणे तोंड उघडं टाकून बघत राहिले. हिंदी पाहुण्यांना ओळ कळली नाही, पण थांबणं कळलं. एवढं थांबून पुढे काही असतं, यावर कुणाचा विश्वास बसेल? मागच्या रांगेतून पहिली मूठ आली, मग दुसरी, मग सगळ्या बाजूंनी. तांदूळ पडले म्हणून बँडवाल्यानं ट्रंपेट लावलं. बँड वाजला म्हणून मामांनी अंतरपाट सोडला. अंतरपाट गेला म्हणून भावानं माळ घातली. गुरुजींनी एका हातानं ‘सावधान’ची खूण करता करता दुसऱ्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि अत्यंत समाधानानं म्हणाले, “मुहूर्त अगदी नेमका साधला.”

उरलेली सात अक्षरं काकांनी म्हटली, अगदी घशाच्या शिरा ताणून म्हटली. व्हिडिओत त्यांचे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू येतं ते ट्रंपेट. काकूंनी साक्ष दिली की ओळ पुढे होती आणि चांगली होती. खांसाहेबांनीही ओठांवरून वजन बरोबर भरतंय असं सांगितलं. आत्या कुणाचं मानत नाही. दर दिवाळीला काका नागपूरहून फोन करतात, विषय काढतात, पूर्ण ओळ पुन्हा म्हणून दाखवतात. आत्या शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, “लग्न बाराव्या अक्षरावर लागलं. त्याच्या पुढचं मला धरता येत नाही.”